पस्तीसचे चाळीस

दर आठवड्याला दीड रकान्यात अंग चोरून बसणाऱ्या माणसाला दिवाळी अंकात पाय पसरायला जागा मिळते. तेव्हा त्याने काहीतरी रसाळ लिहावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. अभ्यंगस्नान, उटण्याचा वास, आईच्या हातची कडबोळी, हे विषय माझ्याही मनात येऊन गेले. पण यंदा मी एका आकड्याविषयी लिहायचे ठरवले आहे. मराठीच्या मास्तराने आकड्याविषयी लिहिणे म्हणजे कीर्तनकाराने कुस्तीचे डाव सांगण्यासारखे आहे, हे मला कबूल आहे. तरी या आकड्याने मला शिकवले ते व्याकरणच होते, हे लेख संपेपर्यंत वाचकांच्या ध्यानात येईल.

तो आकडा म्हणजे पस्तीस. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला या आकड्याचा परिचय करून देण्याची जरुरी नाही. वडिलांच्या हातचा मार आणि आईने देवापुढे ठेवलेली साखर यांच्यामधले अंतर कित्येकांच्या आयुष्यात या एकाच आकड्याने मोजले आहे. चौतीस म्हणजे अंधार आणि पस्तीस म्हणजे पेढे.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना मिळून परीक्षेसाठी एक प्रोग्राम तयार करून दाखवायचा होता. इकडे आमचे कॉलेज स्वायत्त झाल्यापासून परीक्षा आम्हीच घेतो आणि निकालही आम्हीच लावतो. मी परीक्षा समितीवर आहे. निकालाच्या दिवसांत आमच्या ऑफिसात जी धांदल उडते, तिच्या कथा मी घरी सांगत असे. त्या ऐकून भाचेबुवा म्हणाले, "मामा, तुमच्या निकालाचाच प्रोग्राम आम्ही करतो. आमचा प्रोजेक्ट होईल, तुमचं काम होईल." फुकट मिळणाऱ्या गोष्टीला आमच्या समितीने आजवर कधी विरोध केलेला नाही. काम सुरू झाले.

तिघांनी कामाची वाटणी केली. भाच्याकडे गुण नोंदवणे आणि तपासणे, दुसऱ्याकडे फलकावर लावायची निकालाची यादी, तिसऱ्याकडे प्रत्येकाचे गुणपत्रक. भाषा घेतली ती जावा. बोलता बोलता तिघेही सारखे 'क्लास' 'क्लास' म्हणत, तेव्हा माझे कान टवकारत. मास्तराचा जन्म क्लासवरच जायचा! पण यांचा क्लास निराळा. एखाद्या वस्तूची माहिती आणि तिने करायची कामे यांचे एक गाठोडे बांधायचे, त्याला नाव द्यायचे, की झाला क्लास. एका गाठोड्यात विद्यार्थी आणि त्याचे गुण, दुसऱ्यात यादी आणि ती छापण्याची रीत, तिसऱ्यात गुणपत्रक. प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून आपले क्लास लिहायचे आणि शेवटी सगळे एका छपराखाली नांदवायचे. एकत्र कुटुंबच म्हणा ना. आणि एकत्र कुटुंबात भांडणे कशावरून होतात? सामाईक वस्तूंवरून.

एका रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. मला त्यातले काय कळणार? पण मुद्रिते तपासण्याची जुनी खोड. मी ओळी वाचू लागलो आणि पस्तीसपाशी अडखळलो.

"हा पस्तीस कोण?"

"पास व्हायचे मार्क."

"आणि हा इथला?"

"तो वेगळा. छापताना एका पानावर पस्तीस नावं बसतात."

"आणि हा?"

त्याने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "हा बहुतेक पास व्हायचाच."

मला तो 'बहुतेक' आवडला नाही. त्यांच्या धंद्यात अशा उघड्याबोडक्या आकड्याला 'मॅजिक नंबर' म्हणतात, असे त्यानेच मला सांगितले. जादूचा आकडा म्हणण्यात कौतुक नाही, टवाळी आहे. तो कुठून आला, कशाकरिता आला, हे कोणाला ठाऊक नसते. काढला तर काय कोसळेल तेही ठाऊक नसते. त्यामुळे जुन्या वाड्यातल्या मधल्याच खांबासारखा तो वर्षानुवर्षे उभा राहतो. मी मामाच्या अधिकाराने उपदेश केला की, असे चालायचे नाही. त्याने भाच्याच्या रिवाजाप्रमाणे मान हलवली आणि चहा घेऊन तो निघून गेला.

जुलैत आमच्या समितीची बैठक झाली. दर्जा उंचावण्याच्या हेतूने उत्तीर्ण होण्याची मर्यादा पस्तिसावरून चाळिसावर न्यावी, असा ठराव झाला. नोटिशीचा मसुदा करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. समितीत मराठीचा माणूस असला की त्याला पेनाच्या टोपणासारखे वागवतात. एरवी कोणी विचारीत नाही, लिहायची वेळ आली की शोधतात. मी वाक्य लिहिले: 'उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ४० गुण मिळणे आवश्यक राहील.' सुटसुटीत, निःसंदिग्ध, कर्ता-क्रियापद जागच्या जागी. पहिल्या खर्ड्यात त्याला आणखी एक शेपूट होते. त्यामुळे वाक्य लंगडत होते, म्हणून मी ते छाटले. त्या शेपटाची गोष्ट पुढे येईल.

ठराव झाल्याचे मी भाच्याला फोनवर कळवले आणि वर शहाणपणही शिकवले. "त्यात काय मोठंसं? जिथे जिथे पस्तीस आहे तिथे चाळीस कर." संगणकाला असे सांगता येते. एका दमात त्याने सगळे पस्तीस शोधून चाळीस केले. आठ दिवसांनी नमुन्याची छपाई पाहिली तर प्रत्येक पानावरची शेवटची पाच नावे गायब. कागदावर ओळी मावत होत्या पस्तीस आणि प्रोग्राम छापू पाहत होता चाळीस. उरलेली पाच बिचारी कागदाच्या खाली कुठेतरी पडत होती. दर्जा उंचावण्याचा हा परिणाम माझ्या समितीला अपेक्षित नव्हता.

बरे, जे बदलायला हवे होते ते तरी सगळे बदलले होते का? तेही नाही. यादीवाल्या मित्राने 'पस्तीस किंवा अधिक' असे लिहिण्याऐवजी एके ठिकाणी 'चौतीसपेक्षा जास्त' असे लिहिले होते. अर्थ तोच, पण पस्तीस शोधणाऱ्याला चौतीस कसा सापडावा? पन्नास गुणांच्या चाचणीसाठी भाच्याने स्वतःच निम्मे करून, वर ढकलून, अठरा हा आकडा लिहून ठेवला होता. अठराच्या कपाळावर पस्तीसचे कुलनाम थोडेच लिहिलेले असते!

या फजितीतून मला एक गोष्ट उमगली. दोन वस्तूंचा आकडा एक असला म्हणून त्या वस्तू एक होत नाहीत, आणि आकडे निराळे दिसले म्हणून वस्तू निराळ्या असतात असेही नाही. आमच्या भाषेत याला अनेकार्थी शब्द आणि समानार्थी शब्द म्हणतात. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारचा कर. एकाच्या जागी दुसरा घातला तर कवितेचे काय होईल? मग प्रोग्रामचे काय होणार!

यावर उपाय होता नाव देण्याचा. आकडा एकाच जागी लिहायचा, त्याला अर्थाचे नाव द्यायचे, आणि बाकी सगळ्यांनी ते नावच वापरायचे. जावात अशा आकड्याला 'स्टॅटिक फायनल' अशी दोन विशेषणे लावतात. पहिल्याचा अर्थ असा की, हा एकेका विद्यार्थ्यापुरता नाही, साऱ्या क्लासात मिळून एकच आहे. दुसऱ्याचा अर्थ, एकदा ठरला की प्रोग्राम चालू असताना बदलायचा नाही. त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहायचा रिवाज आहे, म्हणजे लांबूनच कळते की ही असामी स्थिर आहे. असा तो 'स्थिरांक'. उत्तीर्ण होण्याचे गुण या नावाचा एक, पानावरच्या ओळी या नावाचा दुसरा. अठरालाही आता नुसता अठरा राहू दिला नाही. पहिल्याचे निम्मे, असे त्याचे नातेच लिहून टाकले.

हे ऐकून मला पाणिनी आठवला. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांतल्या पहिल्याच सूत्रात आ, ऐ, औ यांना 'वृद्धि' हे नाव दिले आहे, आणि दुसऱ्यात अ, ए, ओ यांना 'गुण' हे नाव दिले आहे. पुढे जिथे गरज पडेल तिथे ते स्वर पुन्हा मोजून दाखवायचे नाहीत, नुसते नाव घ्यायचे. व्याख्या एके जागी, वापर सर्वत्र. मी हे भाच्याला मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मामा, पाणिनीला तीन जणांत मिळून प्रोजेक्ट करायचा नव्हता."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नावे दिली, पण ती ठेवायची कोणाच्या घरी, यावर तिघांचे तीन पक्ष झाले. यादीवाला म्हणाला, सगळे स्थिरांक एका क्लासात भरून टाकू. हे म्हणजे माळ्यावरची ट्रंक. तिच्यात बारशाची कुंची, कोर्टाचे कागद आणि गणपतीच्या माळा सुखाने एकत्र राहतात. पण एक वस्तू काढायला गेले की सगळी उपसावी लागते, आणि ट्रंकेची मालकी कोणाचीच नसते. गुणपत्रकवाल्याने जावातला दुसरा मार्ग सुचवला. 'इंटरफेस' नावाचा एक प्रकार त्या भाषेत असतो. तो खरे म्हणजे वचननामा: अमुक कामे मी करीन, असे क्लासने द्यायचे वचन. त्या वचननाम्यात स्थिरांक लिहून ठेवायचे आणि प्रत्येक क्लासने तो वचननामा पत्करायचा, म्हणजे नावे आयती घरात येतात. ही युक्ती पुष्कळांनी वापरली. परंतु जोशुआ ब्लॉख यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात ती करू नये असे बजावले आहे. कारण उघड आहे. शेजारणीकडून वाटीभर विरजण हवे, म्हणून कोणी शेजारणीला दत्तक जात नाही. विरजण संपते, पण दत्तकपणाचे नाते उरते, आणि पुढे ते मोडता येत नाही.

भाच्याचा पक्ष मला पटला. ज्याचा निर्णय त्याच्या घरी आकडा. पानावरच्या ओळींचे ज्ञान यादीला, म्हणून तो स्थिरांक यादीच्या क्लासात, आणि तिथल्या तिथे झाकलेला. इतरांना तो दिसण्याचे कारणच नाही. उत्तीर्ण होण्याचे गुण मात्र तिघांनाही लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी 'परीक्षेचे नियम' असा स्वतंत्र, लहानसा क्लास. त्यात परीक्षेच्या नियमांखेरीज काही ठेवायचे नाही. सामाईक विहीर असावी, पण तिच्यात कपडे धुऊ नयेत.

आता कामाची पद्धतही शहाणपणाची झाली. नियमांच्या क्लासात प्रथम पस्तीसच ठेवले, तिघांनी त्यावर आपापले भाग तयार केले आणि मागच्या वर्षीचे गुण घालून मागच्या वर्षीचाच निकाल येतो की नाही, ते ताडून पाहिले. तो तंतोतंत आला. मग यादीवाला मित्र नोकरीच्या खटपटीला परगावी गेला. जाताना आपल्या भागाची तयार फाइल देऊन गेला. अशा फाइलीला जावात 'जार' म्हणतात. जार म्हणजे आपली बरणी! त्यानंतर भाच्याने नियमांच्या क्लासात एका जागी, एकदाच, पस्तीसचे चाळीस केले, आपला आणि गुणपत्रकाचा भाग नव्याने तयार केला, मित्राची बरणी शेजारी ठेवली आणि मला म्हणाला, "मामा, आता बदल एकाच ठिकाणी. चूक होणं शक्य नाही."

एप्रिलात निकाल लागला. यादीवर समितीच्या वतीने माझी सही होती. ती मी न वाचता केली होती, हे इथेच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दाराशी द्वितीय वर्षाची एक मुलगी येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर बसणारी, कधी प्रश्न न विचारणारी. तिने एक गुणपत्रक पुढे केले आणि मोबाइलवर काढलेला यादीचा फोटो दाखवला. एका विषयात सदतीस गुण. फलकावरच्या यादीत तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' आणि हातातल्या गुणपत्रकावर 'अनुत्तीर्ण'.

"सर, यातलं खरं कुठलं? काल यादी बघून मी घरी फोन केला होता."

मी यादी पाहिली, गुणपत्रक पाहिले, नोटीस आठवली. ती तर माझ्याच हातची. "मर्यादा चाळीसची आहे," मी म्हटले. "यादीत चूक झालेली दिसते." ती काही बोलली नाही. कागदाची घडी घालून निघून गेली. रडली असती तर मला बरे वाटले असते.

रात्री भाच्याला गाठले. त्याचा चेहरा उतरला. नियमांच्या क्लासात चाळीस स्पष्ट दिसत होते. यादीचा क्लास तिथूनच आकडा घेतो, हेही दिसत होते. तरी यादी पस्तीसच धरून बसली होती! तास-दीड तासाने उलगडा झाला. जावाचा असा एक नियम आहे की, 'स्टॅटिक फायनल' आकडा जर साधा, आधीच ठरलेला असेल, तर प्रोग्राम तयार करतानाच तो उचलून वापरणाऱ्याच्या पोटात लिहिला जातो. प्रत्यक्ष चालताना मग कोणी नियमांच्या घरी विचारायला जात नाही. विचारायचे कशाला? स्थिर म्हणूनच तर सांगितले आहे! मित्राच्या बरणीत जुना पस्तीस असा मुरलेला होता. बाहेर नियम बदलला, त्याची वार्ता बरणीला नव्हती.

गावाकडचे एखादे आजोबा एकदा ऐकलेली मोटारीची वेळ पंधरा वर्षे सांगत राहतात, आणि त्यांच्या भरवशावर पाहुणा फाट्यावर जाऊन बसतो. आजोबा खोटे बोलत नाहीत. त्यांना कोणी पुन्हा सांगितलेले नसते, एवढेच.

हे ऐकून वाचकांना वाटेल की, प्रकरण फार तर निकालाच्या कागदाचे. तसे नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरबस्तानातील धाहरान येथे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर कोसळले आणि २८ सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी पेट्रियट नावाची यंत्रणा तिथे उभी होती, पण तिने नेम धरलाच नाही. या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. एकदशांश हा अपूर्णांक आपल्याला सोपा, पण संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत तो कधी संपतच नाही. तो २४ जागांत बसवताना त्याचे शेपूट तुटत होते. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालली तेव्हा त्या तुटक्या शेपटांची बेरीज सुमारे एकतृतीयांश सेकंद झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जाते. पण खरी मेख निराळीच. रॉबर्ट स्कील यांनी १९९२ साली दाखवून दिले की, वेळ अधिक अचूक काढण्याची सुधारलेली रीत त्या प्रोग्रामात काही ठिकाणी घालण्यात आली होती, सगळीकडे नाही. सगळीकडे जुनीच चूक राहती, तर दोन वेळांच्या वजाबाकीत ती बहुतांशी कटून गेली असती. अर्ध्या घरात नवा आकडा आणि अर्ध्या घरात जुना, यामुळे ती उरली. सुधारलेला प्रोग्राम धाहरानला पोचला तो २६ फेब्रुवारीला.

आमच्याकडे कोणी मेले नव्हते. पण एका मुलीने घरी फोन केला होता.

भाच्याने दोन उपाय केले. पहिला साधा: बदल कितीही लहान असो, सगळे भाग पुन्हा मुळापासून तयार करायचे, जुनी बरणी वापरायची नाही. दुसरा अधिक मुळाशी जाणारा: उत्तीर्ण होण्याचे गुण प्रोग्रामच्या मजकुरातून बाहेर काढायचे आणि एका वेगळ्या साध्या फाइलीत लिहायचे. अशा फाइलीला ते कॉन्फिगरेशन म्हणतात. प्रोग्राम सुरू होताना ती उघडून वाचतो, आणि ज्याला आकडा हवा त्याने दर वेळी नियमांच्या क्लासला विचारायचा. मग आकडा कोणाच्या पोटात मुरत नाही.

"पण मग स्थिरांक कशाला म्हणायचं?" मी विचारले.

"वर्षाचे महिने बारा, तासाची मिनिटं साठ. ते स्थिर," भाचा म्हणाला. "पास व्हायचे मार्क तुमच्या समितीने ठरवलेत. ती उद्या पुन्हा बसेल."

हे मात्र त्याने मर्मावर बोट ठेवले. सृष्टीने ठरवलेला आकडा, दोघांनी एकदा करार करून ठरवलेला आकडा आणि बैठकीत चहाच्या कपाबरोबर ठरलेला आकडा, हे तिन्ही कागदावर सारखेच ठाम दिसतात. ठामपणा शाईचा असतो, आकड्याचा नसतो.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात, तिने प्रवेश घेतला त्या वर्षीची कॉलेजची माहितीपुस्तिका होती. पान दुमडून आणले होते.

"सर, आम्ही आलो तेव्हा पस्तीसचा नियम होता. इथं छापलंय. मग तो मधेच बदलतो का?"

मी मधेच बदलतो म्हणणार होतो. पण तोंडाशी आलेले शब्द तिथेच थांबले, कारण मला ते शेपूट आठवले. मी ऑफिसातून बैठकीच्या इतिवृत्ताची वही मागवली. त्यात स्पष्ट लिहिले होते की, नवी मर्यादा 'चालू शैक्षणिक वर्षापासून प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना' लागू राहील. हेच ते शेपूट. हेच मी वाक्याला शोभत नाही म्हणून छाटले होते. ऑफिसने माझी नोटीस वाचली, भाच्याने माझा फोन ऐकला, आणि तिघांच्या प्रोग्रामने मी सांगितले तेच इमानेइतबारे केले. मित्राच्या बरणीतला मुरलेला पस्तीस तेवढा, आज्ञा मोडून, या मुलीच्या बाबतीत खरे बोलला होता. तोही अर्थात समजून नव्हे. प्रथम वर्षाच्या यादीत त्याने तितकाच घोटाळा करून ठेवला होता.

वाचकहो, मी वीस वर्षे शुद्धलेखन शिकवतो. १९६२ साली नवे नियम आले आणि न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांचे ओझे उतरले. तरी त्याआधीच्या पुस्तकात 'केलें' आणि 'तें' दिसले तर मी विद्यार्थ्यांना ती चूक म्हणून दाखवत नाही. तो त्या काळचा नियम होता, असे सांगतो. दुकानदारालाही हे कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या. पण त्याआधी फाडलेल्या बिलावर जुनाच दर राहायचा, नव्यावर नवा. ज्या दुकानाच्या प्रोग्रामात दराशेजारी तारीख होती, त्याला एक ओळ वाढवून भागणार. ज्याने नुसता आकडा खोडून नवा लिहिला, त्याची जुनी बिलेही नव्या दराने बोलू लागणार. जे व्याकरणात मला ठाऊक होते आणि वाण्याला हिशेबात ठाऊक असते, ते नोटीस लिहिताना मी विसरलो. किती, एवढेच लिहिले. कोणाला आणि केव्हापासून, हे सोडून दिले.

त्या फाइलीत आता एका आकड्याच्या जागी दोन ओळींचा तक्ता आहे. अमुक वर्षापर्यंत प्रवेश घेतलेल्यांना पस्तीस, त्यानंतरच्यांना चाळीस. पुढे मर्यादा बदलली तर जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी लिहायची. तक्त्याची मालकी भाच्याची नाही, परीक्षा समितीची आहे, आणि तो बदलताना इतिवृत्त समोर ठेवून दोघांनी वाचायचा, असे आम्ही ठरवले. निकाल पुन्हा काढला. त्या मुलीसह अकरा जण अनुत्तीर्णाचे उत्तीर्ण झाले. प्रथम वर्षाचे चौदा जण मात्र यादीवरून खाली उतरले, आणि त्यांना ते समजावून सांगण्याचे काम मी मागून घेतले. ती दुपार मला बरीच मोठी गेली.

नवे गुणपत्रक हातात घेऊन ती मुलगी जिन्यावर उभी राहून फोनवर बोलत होती. मी वरून उतरत होतो. "अगं, पास आहे मी. नाही, आता नाही झाले. पहिल्यापासूनच होते," ती आईला सांगत होती. मी दोन पायऱ्या मागे थांबलो.

दुरुस्त केलेली नोटीस अजून फलकावर आहे. वाक्य आता अडीच ओळींचे झाले आहे. त्यात दोनदा 'प्रवेश' येतो, एकदा 'तथापि' येतो, आणि मध्येच एक कंस आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिले असते तर मी खाली लाल रेघ ओढली असती. जाता-येता ते माझ्याकडे पाहते आणि मी त्याच्याकडे. छाटायला हात शिवशिवतो, पण मी त्याला हात लावलेला नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर समितीची बैठक आहे. पुनर्परीक्षेच्या शुल्काचा ठराव यायचा आहे आणि मसुदा माझ्याचकडे आहे. भाचा आता पुण्याला नोकरी करतो. परवा फोनवर चकल्यांची चौकशी करून झाल्यावर, ठेवता ठेवता त्याने बजावले, "मामा, तारीख घाला हं."